आधी भाषा, मग डिश, टीव्ही शेवटी

दसरा-दिवाळीच्या दिवसांत भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या बाजारात टीव्हीच्या दुकानासमोर जरा वेळ उभं राहिलं की इंचांचा हिशेब कानावर पडतो. बत्तीस घ्यावा की त्रेचाळीस, हप्ता किती बसेल, जुन्याचे किती धराल. दुकानदारही त्याच वाटेने नेतो, कारण त्याची कमाई इंचांत आहे. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या या पट्ट्यात मात्र इंच हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. इथल्या मराठी घरात सासू उदगीर-निलंग्याकडची, तिला मराठी मालिका हव्यात. मुलं कन्नड शाळेत जातात, त्यांची कार्टूनं कन्नड नाहीतर हिंदी. घरधन्याला बातम्या लागतात, त्या कधी मुंबईच्या, कधी बंगळूरच्या. भालकीत एक बाई डिश बसवणाऱ्याला सांगत होत्या, "अण्णा, आमच्या सासूबाईला मराठी लागतंय अन् लेकरायला कन्नड. दोन्ही येईल असंच बसवा." इंचांचं नावही त्यांनी काढलं नाही, आणि तेच बरोबर होतं. कोणत्या भाषा घरात यायला हव्यात ते ठरलं की सिग्नल कोणत्या वाटेने आणायचा ते ठरतं. वाट ठरली की बॉक्स, डिश, वायर ठरते. टीव्ही त्यानंतर.

या मुलखाला डिश नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या २० जिल्ह्यांत, सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा, असा तो बेत होता. कर्नाटकातून त्यात तीन जिल्हे निवडले होते: गुलबर्गा (आजचं कलबुर्गी), विजापूर आणि रायचूर. खेड्यातल्या सार्वजनिक जागी सुमारे तीन मीटर व्यासाची जाळीची डिश उभी करायची, ती जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली, आणि खाली हैदराबादच्या ईसीआयएलने बनवलेला संच. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी दीड तास आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास कार्यक्रम. बंगळूरला स्वतःचं दूरदर्शन केंद्र मिळालं ते १९८१ साली. म्हणजे राजधानीच्या आधी सहा वर्षं गुलबर्ग्याची खेडी उपग्रहावरून टीव्ही बघत होती. प्रयोग ३१ जुलै १९७६ ला संपला आणि त्याचाच पुढचा भाग म्हणून १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं.

त्या प्रयोगातली एक तांत्रिक गोष्ट आजच्या खरेदीशीही जोडलेली आहे. उपग्रहावरून चित्र एकच येई, पण त्याच्यासोबत दोन ध्वनिवाहिन्या असत. त्यामुळे आंध्र आणि कर्नाटकाच्या खेड्यांना एकाच चित्रावर तेलुगू आणि कन्नड ऐकवता येई. साइटच्या भाषा होत्या हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. महाराष्ट्रातला एकही जिल्हा त्यात नव्हता, त्यामुळे मराठीही नव्हती. आळंद तालुक्यातल्या मराठी घराने टीव्ही पहिल्यांदा पाहिला असेल तर तो परक्या नाही पण दुसऱ्याच्या भाषेत. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी होऊन जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद म्हैसूर राज्यात आले. टीव्हीची यंत्रणा सुरुवातीपासून आजतागायत राज्याच्या हद्दीवर आखली जाते, आणि नातीगोती त्या हद्दीला जुमानत नाहीत. सगळी भानगड इथे आहे.

मधला काळ भराभर ओलांडतो. बांबूवरचा ॲल्युमिनियमचा अँटेना आला. १९९० नंतर केबलवाल्याच्या गच्चीवरची भली मोठी छत्री आली. २००० साली ईटीव्ही मराठी सुरू झाली, आणि गंमत म्हणजे तिचा सगळा संसार हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत, महाराष्ट्राच्या बाहेर होता. तीच आजची कलर्स मराठी. २००३ पासून डीटीएच कंपन्या एकामागून एक येत गेल्या आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट सेवा आली, तेव्हाचं नाव डीडी डायरेक्ट प्लस, आताचं डीडी फ्री डिश. केबल डिजिटल करण्यासाठी २०११ मध्ये कायदा बदलला. सोलापूरला दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०१३ मध्ये बॉक्स सक्तीचा झाला. आपल्या शहरांची पाळी तिसऱ्या टप्प्यात आली आणि खेड्यांची चौथ्या, २०१७ च्या मार्चअखेर.

जमिनीवरून येणारं जुनं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद केलं. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की ऑनलाइन दुकानांत ‘डिजिटल अँटेना’ नावाची चपटी पट्टी मिळते. खिडकीला चिकटवा आणि फुकट चॅनेल बघा, अशी तिची जाहिरात असते. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण दूरदर्शनने २०१६ मध्ये बंगळूर, मुंबई, औरंगाबाद अशा निवडक १६ शहरांत सुरू केलं. बीदर-कलबुर्गीत ती पट्टी भिंतीची शोभा होईल, दुसरं काही नाही.

आता वाटा चार उरल्या: फुकट डिश, पैसे भरून डीटीएच, केबल आणि इंटरनेट.

फुकट डिश हा या भागात सर्वांत कमी मान मिळालेला आणि सर्वांत जास्त विचारात घ्यावा असा पर्याय आहे. डिश, बॉक्स, वायर आणि बसवणावळ धरून एकदाच साधारण दोन हजार रुपये. पुढे रिचार्ज नाही. उलट डीटीएचला महिना ३०० रुपये धरले तरी वर्षाला ३६०० होतात. देशात सुमारे साडेचार कोटी घरांत फ्री डिश असल्याचा अंदाज आहे, आणि पैसे भरणाऱ्या डीटीएच ग्राहकांची संख्या गेल्या काही वर्षांत सुमारे सात कोटींवरून सहा कोटींच्या खाली आली. लोकांनी आपला हिशेब केलेला दिसतो. सीमाभागासाठी यातली खरी सोय अशी की फ्री डिशला पत्ता नसतो. औरादच्या डिशवर जे येतं तेच अमरावतीच्या आणि तेच गुवाहाटीच्या. डीडी सह्याद्री आणि डीडी चंदना शेजारी शेजारी लागतात. कोणी कोणाचा ‘पॅक’ विचारत नाही.

उणीव उघड आहे. ज्या मालिकांसाठी सासूबाई जीव टाकतात त्या मोठ्या मराठी वाहिन्या तिथे नसतात. खासगी वाहिन्या फ्री डिशवर लिलावाने येतात आणि दर १ एप्रिलला यादी हलते. एखाद्या वर्षी मराठी सिनेमांची किंवा मनोरंजनाची वाहिनी दिसते, पुढच्या वर्षी ती गायब. दुकानदाराने "हे सगळे मराठी चॅनेल येतात" म्हणून छापील कागद दाखवला तर तो कोणत्या वर्षाचा ते आधी बघावं. दुसरी मेख बॉक्समध्ये आहे. फ्री डिशवर दोन पिढ्यांचे सिग्नल आहेत, जुना एमपेग-२ आणि नवा एमपेग-४. स्वस्तातला जुना बॉक्स दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या दाखवतच नाही आणि मग ‘डिशमध्येच खोट आहे’ असा बोभाटा होतो. नवा घेताना एमपेग-४ चालणारा एचडी बॉक्सच मागावा. दोन-चारशे जास्त गेले तरी हरकत नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी आणखी एक. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण प्रसार भारतीला द्यावं लागतं असा २००७ चा कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवल्याप्रमाणे ते चित्रण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. त्यामुळे काही सामने फुकट डिशवाल्याला दिसतात आणि महिन्याला पैसे मोजणाऱ्याच्या डीडी स्पोर्ट्सवर त्या वेळी दुसरंच काही चालू असतं.

पैसे भरून घ्यायच्या डीटीएचकडे वळलं की सीमाभागाचं जुनं दुखणं पुढे येतं. २०१९ पर्यंत कंपन्या पॅक पत्त्यावरून पुढे करत. पत्ता कर्नाटकातला म्हणजे ‘साउथ पॅक’. तो स्वस्तही असे, पण त्यात मराठी शोधावी लागे आणि ती वेगळे पैसे भरून जोडून घ्यावी लागे. मराठी घराला आपल्या भाषेसाठी दोनदा पैसे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या नियामक संस्थेच्या नव्या दरनियमांनी हे कागदावर तरी मिटलं. कंपनीच्या यादीत जी वाहिनी आहे ती छापील किमतीला सुटी मिळालीच पाहिजे, मग ग्राहक आळंदचा असो की अंधेरीचा. सुरुवातीला १३० रुपये आणि वर जीएसटी एवढ्या आधारशुल्कात १०० साध्या वाहिन्या बसत, २०२० पासून २०० बसू लागल्या. एक एचडी वाहिनी दोन साध्यांच्या बरोबरीची धरतात. २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची मर्यादा काढून घेतली, त्यामुळे आता कंपनीगणिक फरक पडतो आणि विचारून घ्यावं लागतं. गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीची किंमत मात्र १९ रुपयांच्या वर असू नये हा नियम आहे.

हिशेब मग सोपा होतो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी यांतल्या घरात खरोखर बघितल्या जातात अशा दोन किंवा तीन वाहिन्या सुट्या घ्यायच्या, कन्नडचा छोटा गठ्ठा किंवा त्यातल्याही दोन सुट्या घ्यायच्या, आणि उरलेली जागा फुकट वाहिन्यांनी भरायची. यासाठी ट्रायचा चॅनेल सिलेक्टर आहे, कंपन्यांची स्वतःची ॲपही आहेत. कॉल सेंटरवरचा मुलगा पिन कोड बघून कन्नडचा मोठा पॅकच सुचवेल. त्याला तसंच शिकवलेलं असतं, त्यावर रागवण्यात अर्थ नाही. "मला सुट्या वाहिन्या हव्यात, मी नावं सांगतो" एवढं म्हणायचं आणि नावं सांगायची. महाराष्ट्रातल्या पाहुण्याच्या पत्त्यावर कनेक्शन घेण्यासारख्या खटपटी आता करायचं कारण उरलेलं नाही.

कंपनी कोणती घ्यावी, याचं उत्तर मी नावाने देणार नाही, कारण ते दरमहा बदलतं. दोन गोष्टी पक्क्या बघाव्यात. पहिली, हव्या त्या मराठी आणि कन्नड वाहिन्या दोन्ही तिच्या यादीत आहेत का. दक्षिणेवर भर देणाऱ्या कंपनीकडे कन्नडची रेलचेल असेल आणि मराठी तोकडी. दुसरी, तुमच्या तालुक्यात तिचा माणूस आहे का. चिंचोळीच्या आतल्या खेड्यात एलएनबी, म्हणजे डिशवरचा सिग्नल पकडणारा भाग, बिघडला आणि माणूस कलबुर्गीहून यायचा असला तर दोन दिवस गेलेच. एकदा घेतलेला बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही, हेही ध्यानात असू द्यावं. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती. ती तशीच पडून आहे.

केबलबद्दल थोडक्यात. बीदर, कलबुर्गी, हुमनाबाद यांसारख्या गावांत केबल अजून चांगली आहे, पावसात तुटत नाही, आणि बिघडली तर केबलवाला ओळखीचा असतो. पण त्याला सिग्नल कोणत्या बड्या वितरकाकडून येतो ते विचारावं. बंगळूरच्या यादीत एक असतं, हैदराबादच्या यादीत दुसरं. शेजाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास रिमोट हातात घ्यावा, सगळं कळतं. शहरांतले बरेच केबलवाले आता त्याच खांबांवरून इंटरनेटची फायबरही देतात. ते असेल तर केबलपेक्षा त्याचाच विचार जास्त करावा.

इंटरनेटची वाट खरी सीमाभागाच्या पथ्यावर पडली आहे. झी मराठीच्या मालिका झी-५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. मराठी बातम्यांच्या वाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास फुकट. प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. इथेही पत्ता कोणी विचारत नाही. प्रश्न फक्त डेटाचा आणि आजीचा. साध्या दर्जाचं चित्र तासाला एक जीबीच्या आत भागतं, एचडीला तीन जीबीपर्यंत लागू शकतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोज दोन तास टीव्ही बघायचा म्हटलं तर रोजचा कोटा नऊ वाजायच्या आत संपतो. घरात फायबर असेल तरच या वाटेने जावं. आजीचं म्हणाल तर तिला आठ वाजता अमुक नंबर दाबून मालिका लागायला हवी. ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, शोधा, हे तिला जमत नाही आणि जमावं असा आग्रह धरणंही बरोबर नाही.

आता डिश बसवण्याकडे येतो. खरेदीत सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच आहे.

पहिला प्रश्न छताचा. या भागात अजून माळवदाची घरं पुष्कळ आहेत, लाकडावर मातीचा थर घातलेली. बऱ्याच घरांवर शहाबादी फरशी आहे. डिशचा पाया काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बसवायचा असतो. माळवदाला बोल्ट मारला तर तो धरत नाही आणि पहिल्या पावसात तिथूनच गळती लागते. फरशीला ड्रिल मारलं तर ती तडकते. घाईतला माणूस चार दगड ठेवून डिश उभी करतो आणि निघून जातो. वळवाचं वारं सुटलं की ती दोन-चार अंश हलते, आणि इथे दोन अंश फार झाले. एक तर भिंतीला, तीही दगडी किंवा विटांच्या पक्क्या भिंतीला, लोखंडी ब्रॅकेट मारून घ्यावा, नाहीतर दीड-दोन फुटी काँक्रीटचा ठोकळा आधीच ओतून ठेवावा आणि त्यात पाइप रोवावा. ठोकळ्याचा खर्च डिशच्या किमतीपुढे क्षुल्लक असतो.

दुसरा प्रश्न दिशेचा. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बीदरहून बघितलं तर तो उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे १३७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ६२ अंश उंच दिसतो. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर असल्याने तो दक्षिणेकडे जास्त झुकलेला आणि आणखी उंच, ६८ अंशांच्या आसपास. एअरटेलचा १०८.२ अंशांवर, म्हणून पूर्वेकडे आणि बराच खाली, ४९ अंशांच्या जवळ. शेजाऱ्याने पूर्वेला मजला चढवला, किंवा अंगणातली चिंच त्या बाजूला असली, तर सगळ्यात आधी झाकला जातो तो हा. एकाच्या घरी नीट चालणारी कंपनी शेजारच्या घरी का चालत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा चिंचेत असतं. डिश बघताना ती आकाशाकडे कमी आणि समोर जास्त तोंड करून उभी आहे असं वाटतं, ते खरं नाही. या डिशचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते.

जागा मोकळी आहे की नाही हे तपासायची एक फुकटची युक्ती आहे, वर्षातून दोनदा चालणारी. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळजवळ नेमका जीसॅट-१५ च्या रेषेत येतो. त्या वेळी ठरवलेल्या जागेवर ऊन पडलं असेल तर वाट मोकळी आहे. सावली पडली असेल तर जिची सावली आहे तीच उद्या सिग्नल अडवणार. त्याच दिवसांत चालू डिशवर काही मिनिटं चित्र फाटतं किंवा जातं. सूर्याचा कोलाहल उपग्रहाच्या क्षीण आवाजावर मात करतो, एवढंच. मेकॅनिकला बोलावून दोनशे रुपये देऊ नयेत, चहा पिऊन होईस्तोवर ते आपोआप येतं.

पावसाचं तसंच. डीटीएचच्या लहरी इतक्या आखूड असतात की मुसळधार पावसाचे थेंब त्यांना खातात. मृगाच्या पहिल्या सरीला दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं हा बिघाड नाही. रिमझिम पावसातही जात असेल तर मात्र डिश हललेली आहे किंवा वायरच्या टोकात पाणी शिरलं आहे. साधारण ६० सेंटिमीटरची डिश देतात. ९० ची घेतली तर तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि पावसात तग धरायची ताकद वाढते, पण वारंही तेवढंच जास्त खाते. ठोकळा पक्का नसेल तर मोठ्या डिशच्या भानगडीत पडू नये. बॉक्सच्या पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि दर्जा. मेकॅनिक पहिली दाखवून निघतो. बघायची ती दुसरी. उघड्या आकाशात ती जितकी वर नेता येईल तितकी नेऊन मगच बोल्ट आवळायला लावावेत, आणि पैसे त्यानंतर द्यावेत.

वायर आरजी-६ जातीची, बाहेरचं टोक रबरी टोपीने किंवा टेपने बंद केलेलं, आणि घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ दिलेला, म्हणजे पाणी झोळातून गळून जातं, आत येत नाही. एकत्र कुटुंबात दोन खोल्यांत दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि दोन बॉक्स लावावेत. सासू मराठीत, सून कन्नडमध्ये. एक डिश पुरते.

विजांचा विषय इथे टाळता येत नाही. एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत या पठारावर विजा जोरात असतात आणि गावातली सगळ्यात उंच धातूची वस्तू पुष्कळदा कोणाची तरी डिश असते. डिशच्या पाइपाला जाड तार बांधून ती जमिनीत पुरावी. ढग गडगडू लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा आणि बॉक्सच्या मागची वायरही. विजेचा झटका बहुतेकदा वायरीतूनच आत येतो आणि बॉक्सबरोबर टीव्हीचं एचडीएमआय तोंडही घेऊन जातो.

टीव्ही आता. फ्री डिश आणि केबलवरच्या बहुतेक वाहिन्या अजून साध्या दर्जाच्या आहेत. चार-पाच फुटांवर बसून बघायला ३२ इंच पुरतो, आठ-नऊ फुटांची बैठक असेल तर ४३. चित्र साधं आणि पडदा ५५ इंची फोर-के घेतला तर चेहरे सारवल्यासारखे दिसतात. दुकानात सगळ्या पडद्यांवर कंपनीची झगझगीत चित्रफीत फिरत असते, पोपट आणि धबधबे. दुकानदाराला सांगून त्यावर डीडी सह्याद्री किंवा डीडी चंदना लावायला लावावी. अर्धे मोह तिथेच गळतात. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ झाला, त्यामुळे ४३ इंची आता पूर्वीपेक्षा परवडतो, हे खरं. तरी जो फायबरवरून एचडी बघणार आहे त्यानेच त्याचा विचार करावा.

स्मार्ट टीव्ही घेताना डब्यावर ‘गूगल टीव्ही’ किंवा तसंच ओळखीचं नाव स्पष्ट आहे का ते बघावं. बिननावाच्या स्वस्त टीव्हीत नुसतं ‘अँड्रॉइड’ लिहिलेलं असतं आणि वर्षभरात त्यावर झी-५ किंवा जिओहॉटस्टार उघडेनासं होतं. एक जीबी रॅमचा संच घेऊ नये. आवाज २० वॅटच्या खाली नको, पत्र्याच्या घरात पाऊस सुरू झाला की कळतं. जुना टीव्ही ठेवायचा असेल तर नव्या बॉक्सला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा आहे का बघावं, पुष्कळ नव्या बॉक्सांना ती नसते. बॉक्सशिवाय थेट उपग्रह पकडणारे टीव्हीही आहेत, भारतीय मानक ब्युरोने त्यांच्यासाठी आयएस १८११२:२०२२ हे मानक काढलं आहे. तसा मिळाला आणि नुसतं फ्री डिशच बघायचं असेल तर एक बॉक्स आणि एक रिमोट वाचतो. दोन रिमोटांचा गोंधळ हेच वडीलधाऱ्यांचा टीव्ही बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. ज्याच्या घरी आजी-आजोबा बघणारे आहेत त्याने टीव्ही सुरू होताच थेट डिशच्या बॉक्सवरच लागेल असं सेटिंग करून घ्यावं, बहुतेक स्मार्ट टीव्हींत ते असतं.

व्होल्टेजसाठी टीव्हीच्या पाठीवरची पट्टी वाचावी. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी दाबाची भीती फारशी नाही, भीती रात्रीच्या चढत्या दाबाची. शेतीचे पंप बंद झाले की दाब वर जातो अशा ठिकाणी साधा स्टॅबिलायझर लावावा. ३२ इंची एलईडी आणि बॉक्स मिळून घरगुती इन्व्हर्टरवर आरामात चालतात, त्यासाठी वेगळं काही घ्यायला नको.

माझा कौल विचाराल तर या पट्ट्यातल्या बहुतेक घरांनी फ्री डिशचा एचडी बॉक्स आणि ३२ इंची ठीकठाक स्मार्ट टीव्ही यापासून सुरुवात करावी. घरी फायबर आली की मराठी मालिकांसाठी एखाद्याच ॲपचे पैसे भरावेत. जिथे फायबर नाही आणि आजींना रात्री आठची मालिका चुकवायची नाही, तिथे सुट्या वाहिन्यांचं डीटीएच घ्यावं, आणि तेव्हाही मूळची फुकट डिश काढून टाकू नये. उन्हाळ्यात रिचार्ज संपला, ऊसतोडीचे पैसे यायला वेळ लागला, तर सह्याद्री आणि चंदना तरी चालू राहतात. फ्री डिशवाल्यांनी १ एप्रिलनंतर एकदा बॉक्सच्या मेनूत जाऊन ‘ऑटो स्कॅन’ लावावा. त्याखेरीज नव्या वाहिन्या दिसत नाहीत, आणि गेलेल्यांचे काळे पडदे यादीत तसेच राहतात.